कोटाचा आतला खिसा

४ फेब्रुवारी, रविवार

चर्चहून आल्या आल्या हॉलिसने कोट काढला, माझ्या शिवणाच्या टेबलावर टाकला आणि म्हणाला, "रिंडी, याला आतून एक खिसा लावून दे. डावीकडे. घट्ट हवा."

"कशाला?"

"दुसऱ्या मॅगझिनसाठी."

म्हणजे कमरेला पिस्तूल आहेच, त्यात काडतुसांनी भरलेलं मॅगझिन आहेच, आणि आता वर आणखी एक भरलेलं, खिशात. देवाच्या दारात उभं राहून लोकांना 'या, बसा' म्हणायला एवढा दारूगोळा लागतो. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

हे सगळं गार्लंड टिप्टनच्या डोक्यातून आलेलं. गार्लंड पूर्वी शेरीफच्या कचेरीत होता. निवृत्त झाल्यावर त्याला कुणी विचारेना, तेव्हा त्याने चर्चमध्ये सुरक्षा गट काढला. गटातले सगळे साठीच्या पुढचे. हॉलिस पुढच्या दारावर, गार्लंड बाजूच्या दारावर, बाकीचे आत बाकांवर पसरलेले. आज प्रार्थना संपल्यावर तळघरात डोनट खात खात या मंडळींनी तासभर एकाच गोष्टीचा खल केला. रोजच्या वापरात जादा मॅगझिन बाळगावं की नाही? मी कॉफीचं भांडं घासत होते, म्हणून ऐकावं लागलं.

"काडतुसं संपतील म्हणून नाही रे बाबांनो," गार्लंड सांगत होता. "एवढी लढाई कुणाला करायचीय? पण पिस्तुलात सगळ्यात आधी दगा देतं ते मॅगझिन. अडकतं, निसटतं, हातातून पडतं. स्टेपनीशिवाय गाडी काढता का तुम्ही?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्या लोकांना स्टेपनी बदलायला माणूस बोलवावा लागतो. हॉलिस मात्र मान डोलावत नव्हता. तो गार्लंडकडे टक लावून बघत होता, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे बघावं तसा.

६ फेब्रुवारी, मंगळवार

खिसा लावून दिला. जाड कापड, दुहेरी शिवण, आत फक्त मॅगझिन मावेल एवढाच. काम चांगलं झालंय, आणि तेवढ्यासाठीच स्वतःचा राग येतो.

जेवणाच्या टेबलावर पिस्तूल उघडून ठेवलेलं. तेलाचा तो वास बटाट्यांना लागला. मी माझी ताटली उचलून शिवणाच्या खोलीत जाऊन जेवले.

हॉलिसने चार नवे शर्ट आणलेत, सगळे टिचबटणांचे, गुराख्यांच्या सिनेमातल्यासारखे. आयुष्यभर गॅसचा टँकर चालवला, घोड्यावर कधी बसला नाही, आणि सदुसष्टाव्या वर्षी हे सोंग. जुने शर्ट चांगले धडधाकट आहेत, कॉलरी मी स्वतः उलटवून लावल्यात. विचारलं तर म्हणे, "बटणांचा कंटाळा आला."

संध्याकाळी काडतुसांचा डबा आणि मॅगझिन माझ्यापुढे सरकवलं. "तूच भर. तुझी बोटं सुई धरून धरून टणक झालीत."

भरलं. आतली स्प्रिंग अंगठ्याने दाबायची आणि एकेक काडतूस आत ढकलायचं. शेवटच्या दोन-तीनांना अंगठा हुळहुळतो. साहेब तोवर खुर्चीत बसून बातम्या बघत होते. राखण हे करणार आणि हमाली मी.

११ फेब्रुवारी, रविवार

आता पेपरमिंटचंही नवं तंत्र काढलंय. तीस वर्षं हा माणूस पुढच्या दारावर उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर एक पेपरमिंट ठेवतो. मंडळीतली केल्सी लहान होती तेव्हा तिला देत होता, आता केल्सीच्या चार वर्षांच्या टेसाला देतो. टेसा तर पार्किंगपासूनच तळहात पसरून पळत येते. कागदात गुंडाळलेली पेपरमिंट असायची, अगदी लहानग्यांना तो कागद सोडून द्यायचा. आता ती बिनकागदाची आणतो, पांढरी मऊ, आणि तशीच सुट्टी खिशात कोंबतो. खिशातली धूळ लागलेली ती वस्तू तशीच लेकरांच्या तोंडात जाते.

वर गार्लंडचा नियम असा, की दारावरच्या माणसाने हाताकडे बघायचं नाही, नजर कायम पार्किंगवर. म्हणजे लेकराशी हसायचं तेसुद्धा गाड्यांकडे बघून.

१७ फेब्रुवारी, शनिवार

गार्लंडच्या शेतात सराव. गाडी मला चालवावी लागली, कारण 'पाठ दुखते'. हल्ली ह्याची पाठ नेमकी गाडी काढायच्या वेळी दुखते.

मी गाडीतच बसून राहिले. काचेतून सगळं दिसत होतं. मातीच्या ढिगाऱ्यावर कागदी माणसं लावलेली, आणि हे आजोबा ओळीने उभे. हॉलिसने दातांत एक काडतूस धरलं होतं. कुठल्या सिनेमात पाहिलं देव जाणे. तेलकट पितळ तोंडात, आणि त्याच तोंडाने रात्री जेवणाआधी देवाचे आभार मानणार!

मग मॅगझिन बदलताना ते हातातून सुटलं आणि चिखलात पडलं. हॉलिस चिखलाकडे बघायचं सोडून स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. गार्लंडने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "बघा! म्हणूनच म्हणतो, एक जादा हवंच!" सगळे हसले. हॉलिसही हसला.

पुरुषांना कशातही पुरावा सापडतो.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं त्याचा वास अजून नाकातून जात नाही.

मक्याचा पाव भाजायला बिडाचा तवा ओव्हनमध्ये होता. मी दाराशी टपालवाल्याशी बोलत होते. आत आले तर हॉलिसने तवा उघड्या हाताने, डाव्या, दांडा धरून बाहेर काढला होता आणि शांतपणे ओट्यावर ठेवत होता. कातडी जळल्याचा वास स्वयंपाकघरभर.

"हात! हॉलिस, हात बघ!"

त्याने पाहिलं. म्हणाला, "अरे."

फक्त 'अरे'. नळाखाली धरला तर कातडी सुटून आली. आणि हा नुसता उभा, ओरडला नाही की कळवळला नाही. शनिवारी घरी येताना मी त्याच्या सरावाची टिंगल केली होती, त्याचं हे उत्तर असणार. बघ, मी किती टणक आहे! असल्या मर्दपणाची मला शिसारी येते.

२४ फेब्रुवारी, शनिवार

भांडण झालं. पुन्हा डबा आणि मॅगझिन घेऊन आला. आजच्या सरावात दोन्ही मॅगझिनं रिकामी झाली होती.

"मी भरणार नाही," मी म्हटलं. "हौस तुझी, तू भर."

"हाताला पट्टी आहे गं."

"डाव्या हाताला आहे. उजवा काय देवाला वाहिलायस?"

"रिंडी, पिस्तुलातलं तेवढं भर. जादाचं मी बघतो."

"एकही नाही. आणि ऐक, तुझ्या त्या कोटाचाही मला वीट आलाय. लग्नात आणि मयताला जो कोट घालायचा, त्यात माझ्या हाताने शिवलेल्या खिशात माणसं मारायचा ऐवज. कुणाला मारणार आहेस तू? टपालवाल्याला? तुमच्या गटातल्या त्या वेंडलला?"

तो उठला. डबा घेऊन गॅरेजमध्ये गेला. बराच वेळ तिथे होता. काहीतरी फरशीवर पडल्याचे आवाज येत होते, पुन्हा पुन्हा. मी मशीन सुरू केलं, म्हणजे ऐकू येऊ नये.

बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "भरलं?"

"भरलं," म्हणाला.

२५ फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

आम्ही आज लवकर पोचलो होतो. हॉलिस दारावर, मी आत शेवटच्या बाकावर. केल्सी आली, टेसा तिच्यापुढे पळत आली, हात पसरला, हॉलिसने खिशात हात घालून तिच्या हातावर ठेवलं. नजर अर्थातच पार्किंगवर. पोर येऊन माझ्याच बाकावर बसली आणि मला दातांवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. कट्, कट्. पेपरमिंटचा असा आवाज होत नाही.

"मिस डॉरिंडा," टेसा तोंड वाकडं करून मला म्हणाली, "आजचं गोड नाहीये."

तिने तोंड उघडलं. जिभेवर काडतूस होतं.

केल्सीने बोट घालून ते काढलं. किंचाळली नाही, हे सगळ्यात वाईट. तिने ते तळहातावर धरलं, लाळेने ओलं, चकचकीत, आणि दाराकडे बघितलं. तिथे हॉलिस पाठमोरा उभा, कुणालातरी हसून हात करत होता. त्याला पत्ताच नव्हता.

कुंपणानेच शेत खाल्लं, म्हणतात ते हे.

गार्लंड धावत आला. त्याने काय करावं? काडतूस केल्सीच्या हातातून घेतलं, पँटला पुसलं आणि खिशात टाकलं. वाया का जाऊ द्यायचं! आणि म्हणाला, "काळजी करू नकोस पोरी, हे नुसतं तोंडात धरून उडत नसतं."

नंतर कळलं की कोटाच्या पेपरमिंटच्या खिशात मूठभर काडतुसं सुट्टी होती. आतल्या खिशातलं मॅगझिन रिकामं होतं. पिस्तुलातलंही. म्हणजे हा माणूस दोन रिकामी मॅगझिनं घेऊन सबंध मंडळीची राखण करत होता, आणि काल माझ्या तोंडावर 'भरलं' म्हणाला.

येताना गाडीत मी त्याच्याशी बोलले नाही. घरी आल्यावरही नाही. तो गॅरेजमध्ये जाऊन बसला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

तळघरात बैठक. मला वाटलं होतं, आज तरी कुणीतरी म्हणेल की हा पोरखेळ बंद करा. कसलं काय! तासभर चर्चा झाली ती जादा काडतुसं कशी बाळगावीत यावर. एक म्हणाला, पट्ट्याला लावायची चामडी पिशवी हवी. दुसरा म्हणाला, पेपरमिंट आणि दारूगोळा एका खिशात नको. जणू मोठा शोधच लावला. शेवटी ठराव झाला, की सुट्टी काडतुसं बंद, आणि प्रत्येकाने एक नाही, दोन जादा मॅगझिनं बाळगायची. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

हॉलिसने उभं राहून माफी मागितली. "घाईत होतो. चूक झाली."

"हाताला पट्टी होती बिचाऱ्याच्या," वेंडल म्हणाला.

तेव्हा केल्सी बोलली. ती एवढा वेळ जिन्याजवळ उभी होती, टेसाला कडेवर घेऊन. "पट्टी डाव्या हाताला आहे. तिला दिलं ते उजव्या हाताने. ब्रदर हॉलिस, हातात आल्यावर कळलं नाही तुम्हाला?"

"घाईत होतो गं," हॉलिस पुन्हा म्हणाला.

गार्लंड खाकरला आणि विषय पुढे नेला.

मला झोप येत नाहीये. घाई कसली? आम्ही लवकर पोचलो होतो. त्याने गाडीत बसून कॉफी प्यायली होती. दोन्ही हातांनी कप धरून.

२ मार्च, शनिवार

सकाळी मी टेबलावर हॉलिसच्या समोर बसले आणि म्हटलं, "डोळे मीट. उजवा हात पुढे कर."

"हे काय आता?"

"मीट म्हणते ना."

त्याने मिटले. त्याला वाटलं असावं की अबोला संपला. हसत होता थोडासा. मी त्याच्या तळहातावर पेपरमिंट ठेवलं. "सांग काय आहे."

त्याने मूठ मिटली, उघडली. "पेपरमिंट."

मग काडतूस ठेवलं. त्याने बराच वेळ बोटं फिरवली. "पेपरमिंट," म्हणाला.

मग मी त्याच्या हातावर काहीच ठेवलं नाही. रिकामा हात नुसता मिटून दिला.

"हां, आता काडतूस," तो म्हणाला. "हे कळलं मला."

त्याने डोळे उघडले, हाताकडे बघितलं आणि हसणं मावळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नोव्हेंबरपासून, शिकारीच्या मोसमापासून. आधी टोकं गेली. मग सगळी बोटं."

"तवा?"

"वास आला तेव्हा कळलं, तुला आला तसाच."

बटणं, पेपरमिंटचे कागद, गाडी, तोंडातलं काडतूस. सगळं माझ्या नाकाखाली होतं आणि मी ह्या वहीत त्याची टर उडवत बसले होते.

"मग ते दुसरं मॅगझिन कशाला मागितलंस, मूर्ख माणसा? एक धरता येत नाही तर दोन?"

"एक पडलं तर वाकून उचलता येत नाही, रिंडी. चिमटीत येतच नाही. दुसरं असलं तर निदान एक हातात राहील, असं वाटलं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगून काय? गार्लंड काढून टाकेल. मग दारावर मी कोण? पेपरमिंट वाटणारा म्हातारा."

"तीस वर्षं तू तोच होतास."

"तेव्हा तेवढं पुरत होतं," तो म्हणाला.

४ मार्च, सोमवार

गार्लंडकडे गेले. गोठ्यात ट्रॅक्टरखाली होता. मी सरळ सांगितलं की हॉलिसच्या हातांना काही कळत नाही, त्याच्याकडे पिस्तूल नको.

गार्लंड बाहेर आला, हात पुसले. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"शिकारीला गेलो होतो तेव्हाच पाहिलं. बोटांनी जमेना म्हणून काडतूस दातांनी उचलत होता. म्हणून तर जादा मॅगझिनचा विषय काढला मी सगळ्यांसमोर. त्याला एकट्याला सांगितलं असतं तर लाजला असता."

"गार्लंड, त्याच्यासमोर लेकरं असतात."

"आणि पुढचं दार मोकळं टाकू? कुणाला उभं करू, सांग. वेंडलला एका डोळ्याने दिसत नाही. मला या कानाने ऐकू येत नाही. तरण्या पोरांना रविवारी झोपायचं असतं. ईस्टर होऊ दे, रिंडी. गर्दी असते. मग मी त्याला मानाने घरी बसवतो."

"टेसाच्या तोंडात काडतूस गेलं होतं."

"झालं ते झालं. कुणी मेलं तर नाही ना?"

मला त्याची किळस आली. हाच माणूस माझ्या नवऱ्याचा सगळ्यात जवळचा मित्र आहे, आणि हे सगळं त्याने खरोखर मायेपोटी केलं, म्हणून जास्तच आली.

६ मार्च, बुधवार

बुधवारच्या प्रार्थनेत पास्टर नेहमी विचारतात, कुणासाठी काही मागायचं आहे का. मी ठरवून गेले होते की आज मीच उभी राहायची आणि सगळ्यांसमोर सांगायचं. हॉलिसने आयुष्यभर बोलणं टाकलं तरी चालेल. आधी कुणाच्या गुडघ्यासाठी मागणं झालं, मग कुणाच्या भाचीच्या नोकरीसाठी. मी पर्स बाजूला ठेवली.

तेवढ्यात माझ्या शेजारून हॉलिस उठला.

"माझ्या हातांसाठी प्रार्थना करा," तो म्हणाला. "त्यांना काही कळेनासं झालंय. केल्सी, त्या दिवशी मी घाईत नव्हतो. मला कळलंच नाही. पिस्तूल आज तिजोरीत ठेवून आलोय. तिजोरीचं कुलूप रिंडीने लावलं, मला फिरवता येत नाही."

केल्सीने मान खाली घातली. गार्लंड छताकडे बघत होता. मी हॉलिसचा हात धरला, त्याला ते कळलं नसणार.

पास्टरनी प्रार्थना केली, चांगली केली. नंतर जिन्यात वेंडलने हॉलिसला गाठलं. मला वाटलं, धीराचे दोन शब्द बोलेल.

"हॉलिस," तो हळूच म्हणाला, "रिव्हॉल्वर बघितलंस का रे? त्याला मॅगझिनची भानगडच नसते."

१० मार्च, रविवार

स्प्रिंगफील्डच्या डॉक्टरची तारीख एप्रिलमधली मिळाली आहे. नस मानेत दबली असेल म्हणे, म्हणून मानेचा फोटो काढणार.

काल कोटाचा आतला खिसा उसवला. दुहेरी शिवण, माझीच, निघता निघेना. धाग्याची भोकं अस्तरावर राहिलीत, ती आता जाणार नाहीत.

हॉलिस म्हणाला, दारावर मी उभा राहणारच. कमरेला काही नाही, हातात काचेचा वाडगा, त्यात कागदात गुंडाळलेली पेपरमिंट. मी आणलेली. मी वाडगा त्याच्या दोन्ही हातांत नीट बसवून दिला आणि आत जायचं सोडून पार्किंगमध्ये गाडीपाशी थांबले, बघत.

माणसं आली. सगळी बाजूच्या दाराने आत गेली. तिथे गार्लंड उभा होता. ठरावाप्रमाणे त्याच्या पट्ट्याला दोन जादा मॅगझिनं, कोट दोन्हीकडून फुगलेला. त्याच्याशी हात मिळवून, हसून, लेकरांना पुढे घालून सगळे आत. वेंडल पिस्तूल बाळगतो आणि त्याला एका डोळ्याने दिसत नाही, पण त्याच्या शेजारी बसायला कुणी कचरत नाही. भीती वाटते ती ज्याने पिस्तूल घरी ठेवलं त्याची. मला थुंकावंसं वाटलं.

केल्सीही बाजूच्या दाराने गेली. तिला मी बोल लावत नाही. टेसाने एकदा मागे वळून वाडग्याकडे बघितलं, मग आईने तिला आत ओढलं.

आत पियानो सुरू झाला. हॉलिस तसाच उभा, वाडगा भरलेला, नजर पार्किंगवर. पार्किंगमध्ये मी एकटीच होते.

मी पुढच्या दाराकडे गेले आणि त्याच्यासमोर हात पसरला.

त्याने वाडगा काखेत धरला. आत हात घातला, आणि या वेळी गाड्यांकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. एक सुटलं, दुसरं सुटलं, तिसरं दोन बोटांत अडकलं. ते त्याने माझ्या तळहातावर ठेवलं आणि ते तिथे आहे ना, हे वाकून पाहिलं.

"पेपरमिंट," तो म्हणाला.

मी कागद सोडला आणि तोंडात टाकलं. मला पेपरमिंट मुळीच आवडत नाही. त्याच्याशेजारी दारातच उभी राहून मी ते शेवटपर्यंत चघळलं.